पाठ बघितला की कळतं म्हणे!

शिक्षक जन्माला यावा लागतो, आणि समोरचा छात्रशिक्षक त्या मातीचा आहे की नाही हे मागच्या बाकावर दहा मिनिटं बसलं की कळतं. आंतरवासितेचा हंगाम सुरू झाला की शिरोडा-वेंगुर्ल्याकडच्या स्टाफरूममध्ये हे ज्ञान चहाबरोबर फुकट मिळतं. कोणी शंका काढलीच तर दाखला तयार असतो: आमच्या भाऊसाहेब खांडेकरांनी कुठे बी.एड. केलं होतं?

दाखला खरा आहे. वि. स. खांडेकर १९२० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, शिरोड्याच्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले. बी.एड. सोडाच, साधी पदवीही हातात नव्हती. पण त्यातून काढलेलं अनुमान साफ खोटं. खांडेकर इथे १९३८ पर्यंत होते. अठरा वर्षं एकाच गावात मुलांना शिकवणारा माणूस पहिल्या दिवशी कसा शिकवत होता, ते आपल्यापैकी कोणी पाहिलेलं नाही. अठरा वर्षांचा माणूस दाखवून पहिल्या दहा मिनिटांबद्दल सिद्धांत कसा मांडता येतो? शिवाय त्या काळी कोकणात अप्रशिक्षित मास्तर शेकड्यांनी होते. त्यातले जे विसरले गेले त्यांचा दाखला कोणी देत नाही.

आता ती दहा मिनिटं. या समजाच्या बाजूने एक प्रसिद्ध संशोधन आहे, ते आधी सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी काखेतून काढायला नको. नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेंथाल यांनी १९९३ मध्ये महाविद्यालयीन शिक्षकांच्या अर्ध्या मिनिटाच्या, आवाज बंद केलेल्या चित्रफिती अनोळखी लोकांना दाखवल्या. त्या लोकांनी दिलेले गुण सत्राअखेर विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले. बघा, दहा मिनिटंसुद्धा नकोत! पण जुळलं ते काय? शिक्षक आवडला की नाही, हे. मुलं किती शिकली, हे त्यात मोजलेलंच नव्हतं. मोहक माणूस अर्ध्या मिनिटात मोहक वाटतो, यात नवल काय?

मुलांच्या शिकण्याशी ताडून पाहणारा प्रयोग मायकेल स्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या विद्यार्थ्यांची चाचण्यांमधली प्रगती जास्त आणि ज्यांच्या विद्यार्थ्यांची कमी, अशा दोन गटांतल्या शिक्षकांच्या चित्रफिती त्यांनी परीक्षकांपुढे ठेवल्या. कोण कुठल्या गटातला ते ओळखायचं. परीक्षकांत मुरलेले मुख्याध्यापक होते, शिक्षकांना घडवणारे प्राध्यापकही होते. त्यांचं आपापसात छान एकमत झालं, आणि उत्तरं नाणं उडवून दिल्यासारखी निघाली. अनुभवाचाही फायदा दिसला नाही.

मला यातलं एकमत जास्त बोचतं. दोन ज्येष्ठ शिक्षक एकाच पाठाला ‘उत्तम’ म्हणतात तेव्हा आपण समजतो, ठरलं. प्रत्यक्षात चांगला पाठ कसा दिसतो याचं एकच चित्र दोघांच्या डोक्यात बसलेलं असतं: खणखणीत आवाज, वळणदार अक्षर, चिडीचूप वर्ग. ते चित्र समोर उभं राहिलं की दोघेही मान डोलावतात.

एक वर्ग डोळ्यांपुढे आणा. शिरोड्यातली सहावी, विषय बाष्पीभवन. छात्रशिक्षिकेचं पाठटाचण चोख, तक्ता रंगीत. ती विचारते, “पाण्याची वाफ कशामुळे लवकर होते?” टाचणात अपेक्षित उत्तर ‘उष्णतेमुळे’. मिठागरात काम करणाऱ्या घरातली एक मुलगी तिसऱ्या बाकावरून म्हणते, “बाई, वारो सुटलो काय मीठ बेगीन धरता.” वर्ग हसतो. बाई म्हणतात, “नीट बोल. दुसरं कोण सांगेल?” पुढचा मुलगा ‘उष्णतेमुळे’ म्हणतो, बाई ‘शाब्बास’ म्हणतात, पाठ पुढे सरकतो. मागे बसलेले निरीक्षक वहीत लिहितात: ‘प्रस्तावना योग्य. फलकलेखन सुवाच्य. वर्गनियंत्रण चांगले.’ खाली सही.

त्या तासातलं सगळ्यात चांगलं विज्ञान त्या मुलीने सांगितलं होतं. खाऱ्या पाण्यावरची दमट हवा वारा हटवतो, म्हणून बाष्पीभवन वाढतं. पाठ्यपुस्तकातला वाऱ्याचा मुद्दा तिने घरच्या मिठागरातून आणून दिला होता आणि तो बाईंच्या हातून निसटला. वीस-एकवीस वर्षांच्या शिकाऊ बाईंच्या हातून निसटणारच, त्यासाठीच तर ती शिकते आहे. पण निरीक्षकाच्या कानावरूनही तो गेला. कारण त्यांचे डोळे तासभर बाईंवर होते, मुलांकडे त्यांनी पाहिलंच नाही. ही सवय शाळा तपासणाऱ्या दिपोटींच्या काळापासून चालत आली असावी असा माझा संशय आहे. साहेब शाळेवर येत ते मास्तरला तपासायला. साहेब गेले, दृष्टी राहिली.

मग करायचं काय? एकेका नजरेवर इतका कमी भरवसा असेल, तर नजरा वाढवायच्या. अँड्र्यू हो आणि थॉमस केन यांनी अमेरिकेत फ्लोरिडातल्या शिक्षकांच्या पाठांवर केलेला अभ्यास २०१३ चा आहे. एकाच माणसाने एकाच शिक्षकाचे दोन पाठ पाहण्यापेक्षा दोन माणसांनी एकेक पाठ पाहिला तर निष्कर्ष अधिक भरवशाचा येतो, असं त्यांना आढळलं. प्रत्येकाची एक खोड असते: कोणाला अक्षराचं वेड, कोणाला आवाजाचं. दुसरा माणूस आला की त्या खोडी थोड्या कापल्या जातात. एकच माणूस दहा वेळा आला तरी स्वतःची खोड दहा वेळा घेऊन येतो.

हे आपल्याकडे जमण्यासारखं आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने एक वर्षाचं बी.एड. दोन वर्षांचं केलं आणि त्यात शाळेतल्या अनुभवासाठी २० आठवडे ठेवले. कॉलेजचे मेथड मास्तर एस.टी.ने येणार, एका दिवसात तिघांचे पाठ उरकणार आणि संध्याकाळची गाडी गाठणार, हे गृहीत धरू. पण त्या वर्गाचे नेहमीचे शिक्षक तर रोज तिथेच असतात. ती मुलगी मिठागराकडची आहे, हे त्यांनाच ठाऊक. त्यांची निरीक्षणं मात्र बऱ्याच ठिकाणी सत्राअखेर एका बैठकीत, एकाच शाईने लिहून होतात. छात्रशिक्षकच वही पुढे सरकवतो, “सर, तेवढी सही.” सर देतात. दोघांचाही नाइलाज असतो, हे मला मान्य आहे. त्या वहीवरून गुण द्यायचे, हे मान्य नाही.

वहीत लिहायचं तर घडलेलं लिहावं. नेड फ्लँडर्स यांची जुनी पद्धत बी.एड.च्या पुस्तकांत सगळ्यांनी वाचलेली असते: दर तीन सेकंदांनी कोण बोलतंय याची नोंद, दहा प्रकारांत. पूर्ण पद्धत वापरा असं मी म्हणत नाही, तशी ती कोणी वापरतही नाही. पण पाचच मिनिटं फक्त प्रश्न टिपा: काय विचारलं, कोणी उत्तर दिलं, बाई किती थांबल्या. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात मोजलं तेव्हा प्रश्न विचारून शिक्षक सरासरी सेकंदभर थांबतात असं दिसलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. ‘प्रश्नकौशल्य सुधारावे’ या शेऱ्याचं छात्रशिक्षिकेने काय करायचं? ‘नऊ प्रश्न, सात उत्तरं पहिल्या बाकांची, वाऱ्याचं उत्तर सुटलं’ एवढं लिहा. उद्या सकाळी काय बदलायचं ते तिचं तिला दिसेल.

आणि हे सगळं, गुण सांगण्याआधी बोलावं. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगात नुसता अभिप्राय मिळालेली मुलं सुधारली. अभिप्रायासोबत गुणही मिळालेली मुलं नुसते गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. प्रयोग मुलांवरचा आहे, हे खरं. पण ‘पंचवीसपैकी सतरा’ ऐकल्यावर पुढचं वाक्य कानात शिरलेला छात्रशिक्षक मला अजून भेटायचा आहे.

बाकीचे समज एवढा वेळ घ्यायच्या लायकीचे नाहीत.

‘सांगून गेलं की नाटकच बघायला मिळतं.’ अँड्र्यू हो आणि केन यांनी हेही तपासलं. शिक्षकांनी स्वतः निवडलेल्या पाठांना गुण जास्त पडले, पण शिक्षकांचा एकमेकांतला क्रम जवळपास तोच राहिला. नाटकसुद्धा सगळ्यांना सारखं वठत नाही.

‘हर्बार्टची पंचपदी सोडली की गुण कापा.’ हर्बार्टच्या मूळ पायऱ्या चार. पाचवी त्याच्या शिष्यांनी घातली. तो वारला १८४१ मध्ये, त्यामुळे तक्रार करायला येणार नाही.

‘वर्ग शांत म्हणजे पाठ चांगला.’ शांतता मुलं झोपली तरी असते.

‘मालवणी बोलू दिलं म्हणून गुण कमी.’ शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम २९ वाचावं. शिकवण्याचं माध्यम शक्य तिथे मुलाची मातृभाषाच असावी, असं त्यात आहे. ‘बेगीन’ म्हणजे लवकर हे बाईंना कळत असेल, तर आधी उत्तर घ्यावं. ‘वाऱ्यामुळे बाष्पीभवन जलद होते’ हे फळ्यावर मिठागरातल्या त्या मुलीकडूनच लिहून घेता येतं.

‘छात्रशिक्षक आला, आता मोकळ्या तासांची काळजी मिटली.’ हा समज निरीक्षकांचा नाही, वेळापत्रक लावणाऱ्यांचा. शिक्षक रजेवर गेले म्हणून ऐनवेळी ज्या वर्गात त्याला पाठवलं, तिथे त्याने शिकवलं असेल, कदाचित चांगलंही शिकवलं असेल. पण पाहायला कोणी नव्हतं. तो तास निरीक्षण वहीत चढवायचा नसतो, आणि त्याखाली सही तर अजिबात करायची नसते.