दबलेला मज्जातंतु व त्याचें पुनरुज्जीवन

आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं असा क्वचितच कोणी असेल कीं, ज्याचें कोपर बांकाच्या कडेवर कधींच आपटलें नाहीं व त्यासरशी ज्याच्या करंगळीपर्यंत झिणझिण्या गेल्या नाहींत. हा धक्का हाडास बसतो अशी सामान्य समजूत आहे. परंतु वस्तुतः तो हाडाजवळून जाणाऱ्या एका मज्जातंतूस बसतो. वैद्यकशास्त्रांत त्यास अल्नर असें नांव आहे. क्षणभराचा धक्का क्षणांत विसरला जातो. पण हाच मज्जातंतु महिनेच्या महिने दाबला गेला, तर हाताचें कसब जाऊं लागतें व कित्येकदां शस्त्रक्रिया करावी लागते. शस्त्रक्रियेनंतर गेलेली शक्ति परत कशी येते, तिला इतका काळ कां लागतो, आणि त्या काळांत रोग्यानें काय करावें, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा मज्जातंतु मानेपासून काखेंतून दंडाच्या आंतल्या बाजूनें खालीं येतो. कोपराच्या आंतल्या अंगास हाडाचा जो उंचवटा बोटांस लागतो, त्याच्या मागील खोबणींतून तो पुढें जातो. तेथें त्याच्यावर त्वचा व एक चिवट पडदा यांखेरीज फारसें आच्छादन नाहीं. कोपर दुमडलें म्हणजे तो ताणला जातो व त्याची वाटही अरुंद होते. म्हणून हात दुमडून उशाखालीं घेऊन निजणें किंवा तासन्‌तास कोपर टेबलावर टेकून बसणें त्यास सोसत नाहीं. करंगळीस व अनामिकेच्या अर्ध्या भागास संवेदना देणें, आणि पंजांतील बहुतेक लहान स्नायूंस चालना देणें, हीं त्याचीं कामें होत. बोटें फांकणें, सदऱ्याचें बटण लावणें, किल्ली फिरविणें, लेखणी घट्ट धरणें, हें सर्व त्या लहान स्नायूंवर अवलंबून असतें. विकार बळावला म्हणजे तीं दोन बोटें बधिर होतात, आंगठा व तर्जनी यांमधील मांसल भाग खोल जातो, आणि शेवटीं करंगळी व अनामिका आंकड्याप्रमाणें वांकतात.

शस्त्रक्रियेंत शस्त्रवैद्य तो पडदा कापून मज्जातंतु मोकळा करितो. कधीं कधीं त्यास खोबणींतून उचलून उंचवट्याच्या पुढील बाजूस आणून ठेवितो. त्याचें काम वाटेंतील अडथळा दूर करण्यापुरतें असतें. पुढील दुरुस्ती शरीरासच करावी लागते, आणि तिला किती दिवस लागतील हें इजा किती खोल गेली होती यावर ठरतें.

मज्जातंतु म्हणजे हजारों अतिसूक्ष्म तंतूंचा जुडगा होय. त्यांतील मोठ्या तंतूंवर मायेलिन नांवाच्या स्निग्ध द्रव्याचें वेष्टन असतें. विजेच्या तारेवर रबराचें आवरण असतें, तशांतलाच हा प्रकार. दाब थोडा असेल तर केवळ हें वेष्टन झिजतें व निरोप अडतो. दाब निघाला म्हणजे वेष्टन पुन्हा तयार होतें, आणि कांहीं आठवड्यांत किंवा दोनतीन महिन्यांत हात बहुतांशीं पूर्ववत्‌ होतो. दाब जबर व दीर्घकाळचा असेल तर मात्र आंतील तंतूच तुटतो. ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञानें सन १८५० मध्यें बेडकाच्या जिभेचे मज्जातंतु कापून दाखविलें कीं, तुटलेल्या तंतूचा पुढील भाग टिकत नाहीं, तो नाश पावतो. तथापि त्या तंतूची नळी मागें राहते, आणि तुटल्या टोकास नवा कोंब फुटून तो तिच्यांतून पुढें वाढूं लागतो.

या कोंबाची गति रोज सुमारें एक मिलिमीटर, म्हणजे महिन्यास सुमारें एक इंच, इतकीच असते. प्रौढ मनुष्याच्या कोपरापासून पंजांतील स्नायूंपर्यंतचें अंतर सुमारें ३० सेंटिमीटर, म्हणजे ३०० मिलिमीटर धरावें. आतां त्रैराशिक मांडिलें, तर ३०० दिवस, म्हणजे दहा महिने होतात. आरंभीं कोंब फुटावयास जे आठवडे लागतात ते निराळेच. चार महिने लोटले, हात होता तसाच आहे, शस्त्रक्रिया फुकट गेली, असें म्हणून पुष्कळ रोगी धीर सोडतात. परंतु त्या वेळीं कोंब मनगटापर्यंतही पोंचलेला नसतो!

या हिशेबास दुसरीही एक बाजू आहे. ज्या स्नायूस मज्जातंतूकडून निरोप येत नाहीं तो दिवसेंदिवस सुकत जातो, आणि वर्ष-दीड वर्षानंतर कोंब येऊन पोंचला तरी त्यास जागें करणें कठीण होतें. शाबूत राहिलेले तंतु शेजारच्या निराधार स्नायुतंतूंस आपल्या फांद्या देऊन कांहीं काळ सांभाळतात खरे. परंतु त्यांच्या सामर्थ्यास मर्यादा आहे. म्हणून शस्त्रक्रियेनंतर जितका धीर आवश्यक, तितकीच शस्त्रक्रियेपूर्वीं त्वरा आवश्यक. बोटांची बधिरता आज जाईल, उद्यां जाईल, अशा आशेवर जो वर्षें घालवितो, त्याच्या हाताची पूर्ण शक्ति कुशल शस्त्रवैद्यासही बहुधा परत आणतां येत नाहीं.

कोंब पुढें सरकत आहे हें ओळखावें कसें? सन १९१५ मध्यें, महायुद्ध चालू असतांना, जर्मनींत पॉल हॉफमन व फ्रान्सांत झूल तिनेल यांनीं एकमेकांपासून स्वतंत्रपणें एकच खूण वर्णिली. मज्जातंतूच्या मार्गावर बोटानें हलकेंच टिचकी मारिली असतां, जेथें कोंबाचें टोक असेल तेथें झिणझिण्या उठतात. ही जागा महिन्यामहिन्यास खालीं सरकूं लागली म्हणजे काम चालू आहे असें समजावें. शत्रुराष्ट्रांतील दोघां वैद्यांस जखमी शिपायांच्या हातांत एकच सत्य दिसावें, ही गोष्ट मनन करण्यासारखी आहे.

सुधारणेचा क्रमही साधारणपणें ठरलेला असतो. रात्रींच्या वेदना व मुंग्या बहुधा प्रथम कमी होतात. मग स्पर्श येतो. पंजांतील बारीक स्नायूंचें बळ सर्वांच्या शेवटीं येतें. स्पर्शांतही पायऱ्या आहेत. हेन्री हेड या इंग्रज वैद्यानें सन १९०३ मध्यें स्वतःच्या हातांतील त्वचेकडे जाणारा मज्जातंतु मुद्दाम कापवून पुन्हा शिववून घेतला, आणि डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या मित्राच्या साहाय्यानें कित्येक वर्षें निरीक्षण केलें. टोंचणें व उष्णशीत यांची ढोबळ जाणीव त्यास आधीं आली. सूक्ष्म स्पर्श फार मागाहून आला.

आतां रोग्याचें कर्तव्य. सांगितलेला व्यायाम रोज, पण बेताचा करावा, बोटें ताठरूं देऊं नयेत, कोपर फार वेळ दुमडून ठेवूं नये, मधुमेह असल्यास आटोक्यांत ठेवावा, तंबाखू सोडावी. स्पर्श येऊं लागला म्हणजे डोळे मिटून नाणें, बटण, हरभरा, वाटाणा असे पदार्थ बोटांनीं ओळखण्याचा सराव करावा. कारण नव्या तंतूंकडून येणारे निरोप मेंदूस पुन्हा वाचावयास शिकावें लागतात. आणि तोंपर्यंत बधिर बोटांस चूल, गरम भांडें व सुरी यांपासून जपावें. पॉल ब्रँड हे शस्त्रवैद्य सन १९४६ मध्यें वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत आले. कुष्ठरोग्यांचीं बोटें आपोआप झडतात ही समजूत त्यांनीं खोटी ठरविली; वेदना नसल्यामुळें न कळत भाजणें, कापणें व त्या जखमा चिघळणें, यांनींच मुख्यतः बोटांचा नाश होतो, हें त्यांनीं दाखवून दिलें.

येथें हेंही सांगितलें पाहिजे कीं, कुष्ठरोग कोपराजवळच्या याच मज्जातंतूवर वारंवार घाला घालतो. त्यावर गुणकारी औषधें आहेत व आपल्या देशांत तीं सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. म्हणून अंगावर बधिर चट्टा असून बोटेंही बधिर होत असतील, तर लाज न धरितां वैद्यास हात दाखवावा.

सारांश, बधिरता टिकून राहिली तर वैद्याकडे जाण्यास एक दिवसही दवडूं नये, आणि शस्त्रक्रिया झाल्यावर एका दिवसांत फळाची अपेक्षा करूं नये. ज्यांच्या घरीं असा रोगी असेल त्यांनीं दर महिन्यास टिचकीची जागा व बोटांचें बळ वैद्याकडून पाहवून वहींत टिपून ठेवावें. हातास जें महिनोन्‌महिने दिसत नाहीं, तें त्या वहींत दिसूं लागेल, व रोग्याचा धीर टिकेल.