उन्हाळी मुक्कामी शिबिराचे नियोजन : पाण्यापासून हिशेबापर्यंत

1934 साली चळवळीतील काही सहकाऱ्यांनी सहलीस जाण्याची इच्छा व्यक्त केली आणि बाबासाहेबांनी बरोबर येण्याचे मान्य केले. काहीही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, एवढे आधी ठरले. मंडळी नाशिकला बाबासाहेबांना येऊन मिळाली. काही बसगाड्या व मोटारी भाड्याने घेण्यात आल्या आणि सुमारे तीस जणांचा हा समूह येवल्याच्या मार्गाने औरंगाबादकडे निघाला. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेले एक टाके होते. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काही जणांनी त्या पाण्याने तोंड व पाय धुतले. थोड्याच वेळात धेडांनी टाके बाटवले असा ओरडा करीत तेथील मुसलमानांचा जमाव जमला. रमजानचा महिना होता. बऱ्याच वादावादीनंतर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, परंतु आत कोठेही पाण्याला हात लागू नये म्हणून एक सशस्त्र शिपाई बरोबर देण्यात आला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी ही हकीकत नोंदवून ठेवली आहे.

हा प्रसंग आपण वर्गात आणि जयंतीच्या व्यासपीठावर अनेकदा सांगतो, तो अपमानाचा दाखला म्हणून. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मी तो अलीकडे आणखी एका दृष्टीने वाचतो. ती एक नियोजनपूर्वक आखलेली सामुदायिक सहल होती. कार्यक्रम मुद्दाम जाहीर केलेला नव्हता. जेथे थांबायचे, तेथल्या आपल्या लोकांनाच तेवढे कळवले होते. दौलताबादच्या वेशीवर आपली माणसे चहाफराळ घेऊन उभी होती, पण अंधार पडण्यापूर्वी किल्ला पाहून व्हावा म्हणून चहा परतीवर ढकलला गेला. एवढा बारीक विचार झाला होता. सुटून गेली ती एकच गोष्ट : हातपाय धुण्याचे पाणी.

त्याआधी सात वर्षे, 19 व 20 मार्च 1927 रोजी, महाडच्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. त्याच वर्षी डिसेंबरातील परिषदेला मंडपाची जागा एका मुसलमान गृहस्थाने दिली, आणि स्थानिक व्यापारी माल देईनात म्हणून धान्य व इतर सामान बाहेरून आणावे लागले. हजारो माणसांचा मुक्काम, जेवण आणि शिस्त सांभाळण्याचा हा अनुभव आपल्या समाजाच्या गाठीशी आहे. तरीही आपल्या माजी विद्यार्थ्यांचा पदभ्रमण गट उन्हाळी शिबिराची भाषा करू लागला की काही पालक विचारतात, ‘सर, हे आपल्याला जमेल का?’ हे टिपण त्यांच्यासाठी आहे, आणि ठाणे, डोंबिवली, कल्याण येथून पुढे अशी शिबिरे काढू पाहणाऱ्यांसाठीही.

प्रथम स्थळ. उन्हाळ्यात चालणे थोडे, सावली पुष्कळ आणि पाणी नक्की असावे. कान्हेरी आपल्याला जवळची, पण ती राष्ट्रीय उद्यानात आहे. तेथे मुक्काम नाही, दिवसाचीच भेट. आमच्या गटाला सर्वांत सोयीचा वाटला तो कोंढाणे लेणी ते राजमाची हा मार्ग. ठाणे, डोंबिवली, कल्याण या तिन्ही स्थानकांवरून कर्जत लोकल मिळते. कर्जतहून रिक्षाने कोंदिवडे, आणि तेथून चढ सुरू होतो. वाटेतील कोंढाण्याचे चैत्यगृह व विहार इसवी सनापूर्वीचे आहेत. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा तेथील ब्राह्मी लेख सांगतो. मोठमोठ्या राजांची नावे पाठ करून घेणाऱ्या आम्हा शिक्षकांना, आपल्या गुरूचे नाव आधी लिहिणारा हा कारागीर मुलांना दाखवताना विशेष आनंद होतो. वर राजमाचीच्या पायथ्याशी उधेवाडी ही वस्ती आहे आणि मुक्काम तेथेच करावा. ज्यांना चढ झेपत नाही त्यांनी लोणावळ्याकडून वाहनाने यावे. रस्ता खडबडीत आहे, हे वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे.

तारीख ठरवताना 14 एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा सोडून द्यावी. त्या दिवशी प्रत्येकाला आपापल्या विहारात काम असते. परीक्षा संपलेल्या असाव्यात, आणि लग्नसराईतून दोन दिवस काढणे हे स्वतंत्र शास्त्रच आहे. परतीचा दिवस रविवार असेल तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक पाहिल्याशिवाय वेळ ठरवू नये. एका वर्षी आम्ही तो पाहिला नाही आणि लहान मुलांसह कर्जतच्या फलाटावर दुपार काढली. मोठी पातेली मालडब्यातून न्यावीत आणि तिन्ही स्थानकांवरील लोकांनी कोणत्या डब्यात चढायचे ते आदल्या दिवशी ठरवावे. पहाटेची गाडी धरली तर अकराच्या आत वर पोहोचता येते. त्यानंतर कातळ तापतो.

आता पाणी. माणशी दिवसाला पिण्यासाठी चार लिटर, स्वयंपाक व भांड्यांसाठी तीन आणि हातपाय धुण्यासाठी तीन, असे दहा लिटर धरावेत. चाळीस माणसांना दिवसाला चारशे लिटर लागतात. हा आकडा फळ्यावर लिहिला की बैठक गंभीर होते. मे महिन्यात वाडीतील स्त्रिया स्वतःच हंडे घेऊन विहिरीवर उभ्या असतील, तर आपल्या चारशे लिटरांचा अर्थ वेगळा होतो. म्हणून दोन जणांनी एप्रिलच्या अखेरीस प्रत्यक्ष जाऊन वाडीतल्या पुरुषांना नव्हे, पाणी भरणाऱ्या बायकांना विचारावे. ‘यंदा पुरणार नाही’ असे त्या म्हणाल्या तर शिबिर तेथे न्यायचे नाही, हा आमचा पहिला नियम आहे. पाण्यावरून ज्यांनी इतके सोसले, त्यांनी दुसऱ्याच्या विहिरीचा तळ गाठू नये. तळ्यात साबण लावायचा नाही. किल्ल्यावरील टाक्यांचे पाणी उन्हाळ्यात हिरवे पडते, ते पिऊ नये. विहिरीचे पाणी गाळून, उकळून घ्यावे. भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे साधन आहे, ते उगाच नाही. आणि कल्याणकरांनी हेही लक्षात ठेवावे की कान्हेरीच्या एका लेखात कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दान दिल्याची नोंद आहे. डोंगरावर पाण्याची तजवीज करणारा आपल्या शहराचा माणूस सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीही होता.

शिधा सोपा ठेवावा. एका वेळच्या भातासाठी माणशी सव्वाशे ग्रॅम तांदूळ, म्हणजे चाळिसांना पाच किलो, आणि डाळ दोन किलो. कांदे-बटाटे, पिठले, सुकी चटणी. उन्हाळा हा वणव्याचा काळ असल्याने जंगलात चूल पेटवू नये. वस्तीतील अंगणात गॅसवरच स्वयंपाक करावा. तंबू थोडे पुरतात, मात्र मेच्या अखेरीस वळवाची सर येते, तेव्हा एक मोठी ताडपत्री असावीच.

सहकारी हा शब्द महाराष्ट्रात साखर कारखाना आणि पतपेढी यांनाच चिकटून बसला आहे. आमच्या शिबिरात त्याचा अर्थ असा की पैसे देऊन कोणाला राबवून घ्यायचे नाही. चाळीस जणांचे आठ-आठांचे पाच गट : स्वयंपाक, भांडी, पाणी, स्वच्छता, आणि वाट व औषधोपचार. प्रत्येक जेवणानंतर काम बदलते. पहिला स्वयंपाक पुरुषांच्या गटाकडे असतो. पिठल्यात गुठळ्या होतात, त्या निमूटपणे खाव्यात. आपल्या वसतिगृहात स्वतःचे ताट स्वतः घासलेल्यांना हे नवीन नाही. नवीन असते ते त्यांच्या घरच्यांना.

खरी कसोटी स्वच्छतेची पाळी. वस्तीत सोय अपुरी पडली तर पाण्यापासून दूर शौचाचा खड्डा खणावा लागतो, माती टाकावी लागते, निघताना तो बुजवावा लागतो. पहिल्या वर्षी आम्ही सर्वांची नावे क्रमाने लिहिली. एक माजी विद्यार्थी उभा राहिला. त्याच्या वडिलांनी आयुष्यभर सफाईचे काम केले होते. तो म्हणाला, ‘सर, हे सुटावे म्हणून त्यांनी मला इथे घातले.’ बैठकीत कोणी काही बोलेना. अतिसाराने पडलेल्या भिक्खूला बुद्धाने स्वतः आनंदासह धुतले, ही विनयपिटकातील कथा मला आठवली होती, पण त्याला ती ऐकवणे मला योग्य वाटले नाही. ती कथा आम्हा बाकीच्यांसाठी होती. तेव्हापासून पहिल्या दिवशीची पाळी शिक्षक, पदाधिकारी आणि पन्नाशी उलटलेल्यांची असते, आणि ज्याला नको त्याला कारण विचारले जात नाही. त्या वर्षी त्याने पाळी घेतली नाही. आम्हीही आग्रह धरला नाही.

वर्गणी सर्वांना सारखी ठेवू नये. समजा खर्च माणशी 900 रुपये येतो, म्हणजे चाळिसांचा 36,000. तीस कमावत्यांनी 1,100 रुपये आणि दहा विद्यार्थ्यांनी 300 रुपये दिले की हिशेब बरोबर जुळतो. कोणी किती दिले हे खजिनदारालाच माहीत असावे, पण कशावर किती खर्च झाला हे शेवटच्या रात्री सर्वांसमोर वाचून दाखवावे, मिरचीपर्यंत. उरलेली रक्कम परत न वाटता पुढील वर्षाच्या पातेल्यांसाठी ठेवावी.

राहिला प्रश्न नावाचा. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी (गावाचे नाव लिहीत नाही) जागेच्या मालकाने फोनवर होकार दिला, नोंदीसाठी म्हणून सर्वांची आडनावे मागवली, आणि दुसऱ्या दिवशी जागा भरल्याचे कळवले. खरेच भरली असेल. पुढच्या बैठकीत तरुणांनी सुचवले की एखाद्या तटस्थ ट्रेकिंग ग्रुपच्या नावाने नोंदणी करू. ज्येष्ठांत दोन मते पडली. 1934 च्या त्या मंडळींनी आपला कार्यक्रम गुप्त ठेवला होता. त्यात भ्याडपणा नव्हता, त्यांना मार्ग ठाऊक होता. म्हणून तरुणांना मी दोष दिला नाही. पण मत मात्र विरुद्ध दिले, आणि थोड्या फरकाने तेच संमत झाले. आता आमचे पत्र शाळेचे आणि संस्थेचे पूर्ण नाव वर छापलेल्या कागदावर जाते. काही पत्रांना उत्तर येत नाही. त्यासाठी जानेवारीतच एकाऐवजी तीन ठिकाणी पत्रे पाठवतो, आणि उत्तराची वाट मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पाहतो.