ग्वातेमाला साक्षरता प्रकल्प

ग्वातेमाला साक्षरता प्रकल्प : मध्य अमेरिकेतील ग्वातेमाला या देशाच्या ग्रामीण शाळांना पाठ्यपुस्तके, शिक्षक-प्रशिक्षण, संगणक व शिष्यवृत्त्या यांचे साहाय्य देणारा, रोटरी क्लबांनी चालविलेला स्वयंसेवी उपक्रम. त्याचा आरंभ १९९७ मध्ये झाला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सिनसिनॅटी (ओहायओ राज्य) येथील ‘कोऑपरेटिव्ह फॉर एज्युकेशन’ ही सेवाभावी संस्था प्रत्यक्ष शैक्षणिक कार्य पाहते, तर निरनिराळ्या देशांतील शेकडो रोटरी क्लब निधी आणि स्वयंसेवक पुरवितात. परदेशातून येणारी मदत थांबल्यावरही शाळेतील सुविधा टिकून राहावी, या हेतूने प्रकल्पाच्या प्रमुख योजना आखलेल्या असून त्यामुळे सेवासंस्थांच्या परदेशांतील शिक्षणकार्यात त्याला वेगळे स्थान प्राप्त झाले आहे.

पार्श्वभूमी : ग्वातेमालाचे क्षेत्रफळ सु. १,०८,८९० चौ. किमी. असून २०१८ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सु. १.४९ कोटी होती. तीत माया वंशाच्या लोकांचे प्रमाण सु. ४२ टक्के होते. देशात किचे, केक्ची, काक्चिकेल, माम इ. २२ माया भाषा बोलल्या जातात. शिंका व गारिफुना या भाषांसह त्यांना २००३ च्या कायद्याने राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता मिळाली. तथापि राज्यकारभाराची व बव्हंशी शिक्षणाची भाषा स्पॅनिश हीच राहिली आहे. डोंगराळ प्रदेशातील माया मुलाला शाळेत पाऊल टाकताच अक्षरओळख आणि परकी भाषा या दोहोंना एकाच वेळी सामोरे जावे लागते. शाळेतील अपयशाचे हे एक मोठे कारण होय.

१९६० ते १९९६ या काळात देशात यादवी युद्ध चालू होते. सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये दिलेल्या अहवालानुसार त्यात दोन लाखांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले वा बेपत्ता झाले. ओळख पटलेल्या बळींपैकी सु. ८३ टक्के माया होते. २९ डिसेंबर १९९६ रोजी अंतिम शांतता करार झाला. शांतता प्रक्रियेतील करारांत शिक्षणसुधारणा व द्वैभाषिक शिक्षण यांचा समावेश होता. त्यापूर्वी १९८५ च्या संविधानाने सहा वर्षांचे प्राथमिक व त्यापुढील तीन वर्षांचे शिक्षण सक्तीचे मानले होते. परंतु ग्वातेमालातील करांचे उत्पन्न लॅटिन अमेरिकेत सर्वांत कमी असणाऱ्या देशांत मोडते. परिणामी संविधानातील तरतूद आणि खेड्यातील शाळा यांत मोठे अंतर राहिले. अनेक ग्रामीण माध्यमिक शाळांत पाठ्यपुस्तके नव्हती. शिक्षकाने फळ्यावर मजकूर लिहावा व विद्यार्थ्यांनी तो वहीत उतरवून घ्यावा, यातच तासाचा बराचसा वेळ जाई; समजावून सांगणे, प्रश्न विचारणे, उदाहरणे सोडविणे यांस अवसर उरत नसे.

प्रारंभ : जेफ बर्निंजर हे अमेरिकन गृहस्थ चिमाल्तेनांगो विभागातील लाबोर दे फाया या गावी इंग्रजीचे अध्यापन करीत असताना पुस्तकांचा हा अभाव त्यांच्या निदर्शनास आला. त्यांनी व त्यांचे बंधू जो बर्निंजर यांनी १९९६ मध्ये ‘कोऑपरेटिव्ह फॉर एज्युकेशन’ची स्थापना केली. पुढच्याच वर्षी रोटरी क्लबांशी सहकार्य सुरू होऊन साक्षरता प्रकल्प आकारास आला.

रोटरीची पहिली शाखा पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो येथे तीन सहकाऱ्यांसह स्थापन केली. व्यावसायिकांच्या परस्परस्नेहासाठी निघालेली ही संघटना लवकरच सेवाकार्याकडे वळली. १९१७ मध्ये आर्च क्लंफ यांनी मांडलेल्या कल्पनेतून रोटरी प्रतिष्ठानचा निधी उभा राहिला. २०१३ पासून सर्वत्र लागू झालेल्या जागतिक अनुदान पद्धतीनुसार, ज्या देशात काम व्हावयाचे तेथील क्लब व परदेशातील क्लब या दोघांनी मिळून योजना सादर करावी लागते. स्थानिक गरजांची पाहणी आणि अनुदान संपल्यानंतरची तरतूद यांचाही तीत विचार करावा लागतो. मूलभूत शिक्षण व साक्षरता हे या अनुदानांच्या मान्य क्षेत्रांपैकी एक आहे. एकट्या क्लबाला न पेलणारे काम अनेक क्लबांच्या लहानलहान वर्गण्या व प्रतिष्ठानचे अनुदान यांतून पार पाडणे, हे प्रकल्पाचे आर्थिक सूत्र होय.

पुस्तकांचा फिरता निधी : प्रकल्पाची मूळ व सर्वांत महत्त्वाची योजना पाठ्यपुस्तकांची आहे. गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे व स्पॅनिश या विषयांची पुस्तके माध्यमिक शाळेस देणगी म्हणून दिली जातात. मात्र ती विद्यार्थ्यास कायमची न देता वापरण्यास देतात आणि त्याबद्दल अल्प शुल्क घेतात. हे शुल्क स्वतंत्र निधीत साठविले जाते. पुस्तक सु. पाच वर्षे टिकते असे धरल्यास, दरवर्षी त्याच्या किंमतीचा पाचवा भाग जमा होत राहून ते जीर्ण होईतो नव्या पुस्तकाची किंमत उभी राहते. त्यामुळे देणगी एकदाच द्यावी लागते व पुढील पुस्तके शाळा आपल्या निधीतून घेऊ शकते. बाहेरच्या दात्याला तोच निधी नव्या शाळेकडे वळविता येतो. ग्रामीण शाळांतील संगणक-केंद्रांसाठीही हीच पद्धत अवलंबिली आहे; तेथे शुल्कातून यंत्रांची देखभाल व कालांतराने त्यांची बदली अपेक्षित असते.

गरीब पालकांकडून शुल्क घ्यावे काय, हा या योजनेवरील स्वाभाविक आक्षेप होय. पुस्तके विकत घेण्यापेक्षा हे शुल्क बरेच कमी असले, तरी अनेक मुलांच्या कुटुंबात तेही ओझेच ठरते. उलटपक्षी, फुकट मिळालेली पुस्तके फाटली की शाळा पुन्हा पूर्वस्थितीला येते, हेही तितकेच खरे. पालक शुल्क देतात तेव्हा पुस्तकाविषयी विचारणा करण्याचा अधिकारही त्यांच्याकडे येतो. निधीचे यश मात्र काटेकोर हिशेब व नियमित वसुली यांवर अवलंबून असते. अभ्यासक्रम मुदतीपूर्वी बदलल्यास किंवा शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यास हे गणित बिघडू शकते. कोविड-१९ च्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये देशातील शाळा बंद झाल्या, तेव्हा घरी इंटरनेट नसलेल्या ग्रामीण विद्यार्थ्यांच्या हाती छापील साहित्य असणे किती निकडीचे आहे, हे स्पष्ट झाले.

वाचनशिक्षण : माध्यमिक शाळेत पुस्तक पोहोचले, तरी प्राथमिक वर्गांत वाचन पक्के झाले नसेल तर त्याचा उपयोग मर्यादितच राहतो. म्हणून प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाची जोड देण्यात आली. यासाठी ‘कॉन्सन्ट्रेटेड लँग्वेज एन्काउंटर’ म्हणजे सघन भाषानुभव ही पद्धती स्वीकारली आहे. तिचा उगम ऑस्ट्रेलियातील आदिवासी मुलांच्या शिक्षणात असून १९८० नंतरच्या दशकात रोटरीच्या साहाय्याने ती थायलंडच्या ग्रामीण शाळांत रुजविण्यात आली. त्या कार्यात ऑस्ट्रेलियाचे शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड वॉकर व थायलंडमधील श्रीनखरिनविरोट विद्यापीठातील सौवालक रत्तनविच यांचा मोठा वाटा होता. घरची भाषा प्रमाण थाई नसलेली मुले तेथेही होती. त्यामुळे ही पद्धती ग्वातेमालास अनुरूप ठरली.

या पद्धतीत सुटी अक्षरे घोकण्यापासून आरंभ न करता अर्थपूर्ण अनुभवापासून करतात. शिक्षक एखादी गोष्ट वाचून दाखवितो किंवा वर्गात एखादी कृती करवून घेतो. मुले ती गोष्ट अभिनयाने सादर करतात व आपल्या शब्दांत सांगतात. शिक्षक त्यांची वाक्ये मोठ्या कागदावर लिहितो. मुले त्यांना चित्रे जोडून वर्गाचे मोठे पुस्तक तयार करतात. नंतर त्याच मजकुरातील शब्द व अक्षरे यांवर खेळ व सराव घेतले जातात. जे वाचावयाचे त्याचा अर्थ मुलास आधीच ठाऊक असल्याने वाचन हे केवळ उच्चारण राहत नाही. स्वतः पाठांतरानेच शिकलेल्या शिक्षकास हा बदल अवघड जातो. म्हणून एखाद्या शिबिरावर न थांबता वर्गभेटी व मार्गदर्शन दीर्घकाळ चालू ठेवावे लागते.

शिष्यवृत्त्या : प्राथमिक शाळेनंतर घरकाम, शेतमजुरी किंवा पैशांचा अभाव यांमुळे शिक्षण सोडणाऱ्या मुलांना, विशेषतः मुलींना, शिष्यवृत्ती व मार्गदर्शन देण्यात येते. हा खर्च शुल्कातून भरून निघत नाही. त्यासाठी दात्यांचे साहाय्य सतत लागते. स्वावलंबनाचे सूत्र प्रत्येक गरजेला लावता येत नाही, याची ही योजना साक्ष आहे.

स्वयंसेवकांची भूमिका व मूल्यमापन : परदेशी रोटरी सदस्य स्वखर्चाने ग्वातेमालास भेट देतात, पुस्तकवाटपाच्या समारंभांत सहभागी होतात व शाळांची पाहणी करतात. काही दिवसांच्या वास्तव्यात त्यांच्याकडून अध्यापन घडणे शक्य नसते. माया भाषा त्यांना सहसा येत नाहीत. प्रशिक्षण, हिशेब व पाठपुरावा ही कामे वर्षभर तेथील कर्मचारी करतात. पाहुण्यांचे खरे काम मायदेशी परतल्यावर सुरू होते. प्रत्यक्ष पाहिलेल्या शाळेचा वृत्तांत ते आपल्या क्लबापुढे ठेवतात आणि त्यातून पुढील शाळेसाठी निधी मिळतो.

अशा उपक्रमांची व्याप्ती शासकीय शिक्षणव्यवस्थेच्या तुलनेने लहानच असते. शिक्षकांच्या नेमणुका, इमारती, द्वैभाषिक शिक्षणाचे धोरण ही जबाबदारी राज्यसंस्थेचीच आहे आणि कोणतीही सेवासंस्था ती पेलू शकत नाही. शिवाय सेवासंस्थेच्या मदतीमुळे शासनाची उदासीनता झाकली जाण्याचा धोकाही संभवतो. तथापि शासन पुरेसे समर्थ होईपर्यंत मुलांचे शालेय वय थांबून राहत नाही. परोपकाराला हिशेबाची आणि शिक्षणशास्त्राची जोड दिल्यास दूरदेशीच्या मदतीतूनही शाळेची स्वतःची शक्ती वाढविता येते, हे या प्रकल्पाने दाखवून दिले आहे. दिलेल्या पुस्तकांच्या संख्येइतकेच, ती झिजल्यावर शाळेने स्वतःच्या निधीतून घेतलेली नवी पुस्तके हे त्याच्या यशाचे गमक मानावे लागेल.