मसूरचे स्टेशन आणि पाण्याचा प्रश्न

पुणे-मिरज लोहमार्गावर सातारा मागे टाकले की कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव आणि मग मसूर. कराड तालुक्यातले हे छोटेसे स्टेशन. पश्चिमेला कृष्णाकाठ, आसपास उसाची शिवारे. पूर्वेचे डोंगर ओलांडले की खटाव-माणचा दुष्काळी मुलूख. जलद गाडीतल्या प्रवाशाचे या स्टेशनाकडे लक्षही जात नाही. पण आंबेडकरी माणसाने हे नाव विसरता कामा नये.

साल १९०१. सुभेदार रामजी खटाव तालुक्यातील गोरेगावला रोखपाल होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकार तेथे तलाव बांधत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत भीमराव घरातल्या मुलांसह वडिलांकडे निघाले. वय जेमतेम दहा. अंगावर नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या, मनात पहिल्या रेल्वेप्रवासाचा आनंद. संध्याकाळी पाचच्या सुमारास मुले मसूरला उतरली. वडिलांना पत्र मिळाले नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नव्हते.

स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली. मुले महार आहेत हे कळताच तो पाच पावले मागे सरला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर सौदा ठरला. गाडी मुलांनी हाकायची, गाडीवान बाजूने चालणार! मध्यरात्री टोलनाका आला. शिदोरी भरपूर होती, पण पाणी नव्हते. नाकेदाराने पाणी नाकारले आणि मुले उपाशीच झोपली. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये नोंदवून ठेवला आहे.

बंधूंनो, यातील विसंगती नीट पाहा. खिडकीवर तिकीट मिळाले, कारण रेल्वेला भाडे हवे होते. भाडे भरले की प्रवास करता येत होता. मात्र तिकीट गोळा करणारा स्टेशनमास्तर आणि नाक्यावरचा नाकेदार हे आपापल्या गावची जात अंगात घेऊनच नोकरीवर येत होते. रूळ गावापर्यंत पोहोचले, पण गावाचे मन होते तिथेच राहिले. आणि बाप सरकारी तलावाच्या कामाचे पैसे सांभाळत असताना त्याच्याच लेकरांना वाटेत घोटभर पाणी मिळाले नाही, याहून मोठी विटंबना कोणती?

या वाटेवरून पुढे पाहिले की चवदार तळे दिसते. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी ओंजळ भरली, त्यामागे मसूरच्या रात्रीची तहानही होती. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्या कलमाने सार्वजनिक विहिरी, तलाव आणि रस्ते सर्वांना खुले केले. ही कलमे ग्रंथालयात बसून सुचलेली नाहीत, अनुभवातून आलेली आहेत.

आपण महाडला जातो, दीक्षाभूमीला जातो, चैत्यभूमीला जातो. एकदा मुलाबाळांना घेऊन मसूरलाही उतरा. त्यांना फलाट दाखवा आणि पूर्वेकडची वाट दाखवा. मग आपापल्या गावी परतल्यावर एकच गोष्ट तपासा : आपल्या वस्तीचा नळ आणि गावाचा नळ आजही वेगळा आहे का? असेल, तर मसूरचा तो प्रवास अजून संपलेला नाही.