मशीन लागल्यानंतरची वर्षं

एप्रिल लागला की नागपुरात घरोघरी कूलर सुरू होतात आणि पाऊस येईपर्यंत त्यांची घरघर थांबत नाही. कानामागे कॉक्लिअर इम्प्लांटचा प्रोसेसर लावणाऱ्या मुलाला हा काळ फार जड जातो. प्रोसेसरचा मायक्रोफोन आईचा आवाज टिपतो, तसा कूलरचाही टिपतो. गोंगाटातून हवा तो आवाज वेगळा काढणं निरोगी कानाला सहज जमतं; यंत्राला ते अजून पुरतं साधलेलं नाही. त्यात पंचेचाळीस अंशांची कोरडी हवा. झिंक-एअर बॅटऱ्या अशा हवेत आतून सुकतात आणि लवकर संपतात. घामाची ओल सुकून जावी म्हणून प्रोसेसर रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवावा लागतो. पावसाळ्यात तर ती डबी चुकवून चालतच नाही.

साधं श्रवणयंत्र आवाज मोठा करतं. पण आतल्या कानातल्या केशपेशीच निकामी असतील, तर आवाज कितीही वाढवला तरी तो मज्जातंतूपर्यंत जात नाही. शंखासारख्या अडीच वेढ्यांच्या कॉक्लियात अशा सुमारे १५,००० पेशी असतात. इम्प्लांट त्यांना वळसा घालतं. बाहेरचा प्रोसेसर आवाजाचं विश्लेषण करतो, चुंबकाने डोक्याला चिकटलेली कॉइल तो संदेश कातडीखालच्या रिसीव्हरला देते आणि कॉक्लियात सरकवलेली बारीक तार श्रवणतंतूला थेट विजेची स्पंदनं देते. कंपनीनुसार या तारेवर १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात. पंधरा हजारांचं काम एवढ्यांवर! त्यामुळे बोलणं समजतं, पण गाण्यातले सूर बरेचदा विस्कटलेले ऐकू येतात.

ही तार शंखाच्या वळणात शिरवायची कशी, हे कोडं मेलबर्नचे डॉ. ग्रेम क्लार्क यांना समुद्रकिनाऱ्यावर सुटलं. टोकाला लवचीक आणि बुडाशी ताठ असलेलं गवताचं पातं त्यांनी शंखात सरकवून पाहिलं. १९७८ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर बहुइलेक्ट्रोड यंत्राची शस्त्रक्रिया केली. क्लार्क यांचे वडील कानाने अधू होते. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया रुजवण्यात मुंबईच्या डॉ. मिलिंद कीर्तने यांचा वाटा मोठा. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

एवढं महाग यंत्र साध्या घरात पोचलं ते सरकारी योजनेमुळे. केंद्राच्या एडिप योजनेत २०१४ मध्ये लहान मुलांसाठी एका इम्प्लांटमागे सहा लाख रुपयांपर्यंतची तरतूद झाली आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था तिची मध्यवर्ती यंत्रणा ठरली. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत या शस्त्रक्रिया झाल्या आहेत. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळचीच नव्हे, तर छिंदवाडा-बालाघाटची माणसंही उपचारांसाठी नागपूरच गाठतात.

पण पोचायला उशीर होतो. ‘बापही उशिराच बोलला होता’ या एका वाक्याने किती मुलांची वर्षं खाल्ली असतील! जन्मानंतर महिन्याभरात कानाची चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचारांना सुरुवात, असा जगभरचा दंडक आहे. मेंदूचा श्रवणाचा भाग साधारण साडेतीन वर्षांपर्यंत सर्वांत ग्रहणशील असतो. तोवर आवाज पोचला नाही, तर पुढे यंत्र बसवूनही भाषा अडखळते.

शस्त्रक्रिया काही तासांची. जखम भरल्यावर काही आठवड्यांनी ‘स्विच ऑन’ होतं आणि नातेवाईक मोबाइल सरसावून बसतात. मूल हसेल, वळून बघेल, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. पुष्कळ मुलं त्या क्षणी रडतात, आणि तेही ठीकच आहे. आवाज म्हणजे काय हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला अचानक काहीतरी होऊ लागलेलं असतं. खरं काम त्यानंतर. कुठल्या इलेक्ट्रोडला किती वीज द्यायची हे ऑडिओलॉजिस्ट बसून ठरवतात. ते मॅपिंग पहिल्या वर्षात पुन्हा पुन्हा करावं लागतं. घरी रोज सकाळी आई तोंड झाकून सहा ध्वनी काढते: आ, ई, ऊ, म, श, स. मुलाने प्रत्येकाला प्रतिसाद दिला, तर यंत्र ठीक. ‘स’ गेला, तर काहीतरी बिघडलं. डॅनियल लिंग यांची ही चाचणी फुकट आहे आणि मिनिटभरात होते. भाकरी थापताना, भाजी निवडताना, बसची वाट पाहताना बोलत राहायचं. थेरपी म्हणतात ती बरीचशी हीच. घरात वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडीतच बोलावं. मुलासाठी अवघडलेली पुस्तकी भाषा आणू नये.

हा भार बहुतेक घरांत एकट्या आईवर पडतो; तसं व्हावं, हे मला मुळीच मान्य नाही. बाप, आजी, शेजारी, शाळेतल्या बाई, सगळ्यांनी थोडं थोडं उचलता येतं. समोर येऊन, चेहऱ्यावर उजेड राहील असं बसावं. ओरडू नये, ओरडल्याने शब्द उलट फाटतात. समजलं नाही तर वाक्य बदलून सांगावं. वर्गात पुढची, कूलरपासून लांबची जागा द्यावी. आंघोळीला आणि झोपताना प्रोसेसर काढला की ते मूल पूर्ण बहिरं असतं, म्हणून घरात खुणांची भाषाही असू द्यावी. खुणा केल्याने बोलणं मागे पडतं ही भीती अनेक घरांत घातली जाते. ज्या घरात मुलाशी दोन्ही रीतींनी बोललं जातं, तिथे निदान ते कधी एकटं पडत नाही.

योजनेचं यश मात्र आपण झालेल्या शस्त्रक्रियांवरून मोजतो. पाच वर्षांनी किती मुलं मशीन लावतात, किती बोलतात, तुटलेल्या केबलचे पैसे नाहीत म्हणून किती प्रोसेसर कपाटात पडून आहेत, हे आकडे तितक्याच ठळकपणे छापले गेले पाहिजेत. गडचिरोलीच्या आतल्या गावातून मॅपिंगसाठी नागपूरला येणं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडणं. इंटरनेटवरून दूरस्थ मॅपिंग करता येतं. त्यासाठी जिल्हा रुग्णालयात शांत खोली, संगणक, जोडणीची केबल आणि मुलाजवळ बसणारं एक प्रशिक्षित माणूस हवं. ऑडिओलॉजिस्ट नागपुरातूनच काम करू शकतो.