टाकाऊ डायपरमधली ऊर्जा

मंडळी, गेल्या पावसाळ्याच्या तोंडी किन्हवलीकडचा माझा एक विद्यार्थी कॉलेजात आला तो तोंड पाडूनच. "सर, आमचा गोबर गॅस बंद पडलाय. शेण रोजच्याइतकंच कालवतो, पण ते आत उतरतच नाही." दुपारी त्याच्या घरी गेलो. लांब बांबूने पाइप ढवळला, तेव्हा फुगून गच्च बसलेले चार डायपर वर आले. (अशा वेळी टाकीत माणूस उतरवायचा नाही, हे जाता जाता सांगतो, आतला वायू जीव घेतो.) आजी ओट्यावरून म्हणाल्या, "मास्तर, शेण जातं तिथं पोराची शी गेली तर बिघडलं काय?"

आजींचा प्रश्न खुळा नव्हता. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत 1897 साली मैल्याच्या टाक्यांवर वायू धरण्याची सोय केली होती, आणि त्या वायूवर एंजिन चालवले होते. पुढे देहूला डॉ. मापुसकरांनी संडासाला जोडलेला गॅस गावकऱ्यांच्या चुलीपर्यंत नेला. तेव्हा शी बिचारी निर्दोष आहे. घोटाळा आहे तो तिच्याभोवतीच्या लंगोटात.

डायपर म्हणजे काय? बाहेरून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, अंगाकडून मऊ कापडासारखे दिसणारे, पण तेही प्लॅस्टिकच. मधे लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि त्यात साखरेसारखे पांढरे दाणे. हे दाणे सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे. आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी ते पितात आणि त्याचा लिबलिबीत गोळा करून धरून ठेवतात. गोबर गॅसच्या टाकीतले जंतू फार तर तो लगदा सावकाश खातील. प्लॅस्टिकला ते तोंड लावत नाहीत, आणि या गोळ्याचेही त्यांना फारसे काही करता येत नाही. मग हे सारे पाइपात तुंबते, नाहीतर वर तरंगून साय धरते.

"मग जाळून ऊब घ्यावी," असे कुणी म्हणेल. हिशेब करून पाहू. कोरा डायपर 30 ग्रॅमचा धरा. त्यात प्लॅस्टिक असल्यामुळे तो पूर्ण जळला तर दीडशेच्या वर किलोकॅलरी उष्णता द्यावी. पण वापरलेल्या डायपरात दीडशे ग्रॅम पाणी असले, तर ते तापवून त्याची वाफ करायलाच नव्वदेक किलोकॅलरी लागतात. म्हणजे निम्म्याहून अधिक कमाई पाण्यातच गेली! शिवाय घरच्या चुलीत तो धड जळत नाही, धुमसतो. आणि प्लॅस्टिकचा तो धूर चुलीपाशी बसलेल्या बाईच्या आणि मांडीवरच्या पोराच्या छातीत जातो. हा सौदा कुणी करू नये.

तरीही यातून ऊर्जा काढणारे लोक आहेत. जपानात तोत्तोरी प्रांतात होकी नावाचे एक लहान गाव आहे. तिथे म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहांतून पुष्कळ डायपर निघतात. 2011 च्या सुमारास त्या गावाने ते एका यंत्रात घालून निर्जंतुक करायला, वाळवायला सुरुवात केली. वाळलेल्या मालाच्या कांड्या करतात आणि त्या बॉयलरमध्ये जाळून पाणी तापवतात. पण लक्षात घ्या, तिथे डायपर एकाच जागी, वेगळा, रोज ठराविक मिळतो. आपल्या शहापूर-मुरबाडात तो पाड्यापाड्यांवर विखुरलेला. सिमेंटच्या भट्टीतही असा सुकवलेला कचरा जळणात घालता येतो, कारण तिथली आच चौदाशे अंशांच्या घरात असते. मात्र आपल्या राज्यातल्या त्या भट्ट्या चंद्रपूरकडे. चार पोती नेण्यात डिझेलच जास्त जळेल.

आणि टाकून द्यावा, तर कुठे? ओढ्यात टाकला की पहिल्या पुराबरोबर खाली. भातसेचे पाणी मुंबई पिते, हे आपल्याला ठाऊक आहेच. पण त्याआधी ते आपली गुरे पितात.

शिक्षकबंधूंना वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. कोरा डायपर फाडून त्यातले दाणे पेल्यात घ्या, पाणी ओता. गोळा बनेल, पेला उपडा केला तरी पडणार नाही. आता त्यावर दोन चमचे मीठ टाकून ढवळा. गोळा आकसतो आणि पाणी सोडतो. क्षार घालून पाणी बाहेर काढण्याची हीच युक्ती डायपरचा पुनर्वापर करणारे वापरतात. आधी पाणी गेले, तरच पुढचे जळण परवडते. नंतर हात धुवायला लावा, आणि दाणे पोरांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

त्या घरी आता शी संडासात झाडतात. डायपर कागदात गुंडाळून, निराळ्या पिशवीत घालून घंटागाडीत देतात. 2016 च्या घनकचरा नियमांतही तो गुंडाळूनच द्यायला सांगितले होते. दिवसा आजींनी जुन्या लुगड्याची दुपटी काढली आहेत, डायपर फक्त रात्रीपुरता. गॅस आठवड्याभरात पूर्ववत झाला. पहिला चहा आजींनी मलाच पाजला, पण "शी बिघडवत नाही हे मी म्हटलंच होतं," हे ऐकवल्याशिवाय नाही.