एकाच चित्रपटाचीं दोन रूपें

जपानी दिग्दर्शक मामोरू ओशी यांचा ‘घोस्ट इन द शेल’ हा रेखाचित्रांचा बोलपट १९९५ सालीं निघाला. २००८ सालीं त्यांनींच त्याची नवी आवृत्ति काढली. कथा भविष्यकाळांतली. नायिका कुसानागी हिचें शरीर कारखान्यांत घडलेलें. मानवी असा आंत मेंदू तेवढा, आणि त्याचीही तिला खात्री वाटत नाहीं.

नव्या आवृत्तींत हिरवट छटेच्या जागीं नारिंगी छटा आली, ध्वनि नव्यानें जुळविला गेला. त्याबद्दल तक्रार नाहीं. परंतु आरंभींची उडी आणि समुद्रांतून वर येण्याचा प्रसंग, हे पूर्वीं हातानें रेखाटलेले होते, ते आतां संगणकावर घडविले आहेत. बाकीचा बहुतेक चित्रपट मात्र जुनाच. म्हणजे एका नायिकेला दोन शरीरें! मूळ प्रसंगांत पृष्ठभागाकडे तरंगत येतांना तिला स्वतःचेंच प्रतिबिंब सामोरें येतें. पुढें दिसणारी कुसानागीही त्याच हाताची, म्हणून तिची शंका आपल्यालाही शिवते. नवी गुळगुळीत आकृति पाहतांच ‘ही बाहुली’ असें मन म्हणून टाकतें, आणि शंकेला जागाच उरत नाहीं.

दुसरा बदल आवाजाचा. ‘पपेट मास्टर’ ही देहहीन बुद्धि स्त्रीदेहांतून बोलते. पूर्वीं तिला इएमासा कायुमी यांचा पुरुषी आवाज होता. २००८ मध्यें योशिको साकाकिबारा यांचा आला. त्यामुळें शेवटच्या संवादांत दोघींचें सख्य वाढतें, हें मान्य. पण देह एक आणि आवाज भलताच, ही अंगावर कांटा आणणारी विसंगति गेली.

दोन्ही पाहावयाचीं असल्यास आधीं १९९५ चें रूप पाहावें.